पाचव्या ओळीतलं पाखरू

दादा दारात येऊन उभे राहिले तेव्हा धाकटीच्या हातात केरसुणी होती. तिनं ती झटकन पाठीमागे लपवली, जशी काही तीही गुन्ह्यात सामील होती.

नऊ वर्षांनी दादा या घरात पाऊल टाकत होते. तरी चपला काढल्या त्या बरोबर जुन्याच जागी, दारामागच्या कोपऱ्यात. मागून त्यांची बायको आली, धाकटीची थोरली जाऊ. तिनं आल्या आल्या धाकटीला नखशिखांत न्याहाळलं.

"रडलीस वाटतं रात्रभर."

"नाही वहिनी."

"मग डोळे असे का?"

"ताई कुठंय?" दादांनी मध्येच विचारलं.

"आतल्या खोलीत. खाली मान घालून बसल्यात."

"खाली मान घालून? आमची ताई?" दादा म्हणाले. "आईला जमलं नाही, बाबांना जमलं नाही, ते त्या डॉक्टरनं करून दाखवलं म्हणायचं."

धाकटीला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

ताईंच्या उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो जागेवर बसवून आत हवेचा बुडबुडा सोडला होता. बुडबुड्यानं पडदा दाबून धरायचा, म्हणून ताईंनी मान वर करायची नाही, असा हुकूम होता. डाव्या डोळ्याला लहानपणापासूनच उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पट्टी निघाल्यावर काय दिसेल, असं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, माणसं दिसतील, रस्ता दिसेल, बारीकसारीकाचं मी सांगत नाही. आणि ताईंचं सारं आयुष्य त्या बारीकसारीकात गेलं होतं.

नोकरी त्यांनी नकाशे काढायच्या कचेरीत केली. घरी आल्यावर एकच काम. निळ्या रंगाचं एक जुनं टपाल तिकीट, त्यावर दीपगृह, दिव्यातून निघालेले किरण, खाली समुद्राच्या रेघा आणि भोवती दुहेरी चौकट. एका तावावर अशी ऐंशी तिकिटं छापली जात, आठ ओळींत दहा-दहा. ताव तर केव्हाच फाटून गावोगावच्या पाकिटांवर गेले. ताईंनी चाळीस वर्षं सुटी तिकिटं जमवली, प्रत्येक तिकीट तावातल्या कुठल्या घरात होतं ते ओळखलं, आणि आल्बमच्या पानांवर तो ताव पुन्हा उभा केला. कुठं लिहून ठेवलं नाही. लिहिलं की डोळा आळशी होतो, असं त्यांचं म्हणणं.

ताई दवाखान्यात होत्या तेव्हा घर सांभाळायला धाकटा भाऊ आणि धाकटी राहायला आले होते. धाकटीनं तो आल्बम पाहिला. पानं पिवळी पडलेली, तिकिटं डिंकाच्या पट्ट्यांवर वाकडीतिकडी चिकटवलेली, काहींवर धुळीचा थर. तिचा जीव कळवळला. तिनं कोमट पाण्यात एकेक तिकीट सोडवलं, टीपकागदात वाळवलं, जाड पुस्तकांखाली सपाट केलं आणि पारदर्शक खिशांच्या नव्या कोऱ्या आल्बममध्ये लावलं. गडद निळी आधी, फिकट नंतर. दिसायला असं देखणं झालं की ती स्वतःच दोनदा उघडून बघत बसली.

ताई घरी आल्या, पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या, "माझा ताव दे गं हातात. दिसत नसला तरी असू दे जवळ." धाकटीनं मोठ्या हौसेनं नवा आल्बम दिला. ताईंची बोटं त्या गुळगुळीत प्लास्टिकवरून फिरली आणि थांबली. सगळं ऐकून घेतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "चहा मिळेल का?"

त्या चहानंतर ताई धाकटीशी बोलल्या नव्हत्या. धाकटीनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "मला परत पाठवा. तुम्ही राहा तुमच्या बहिणीपाशी. मला या घरात तोंड दाखवायला जागा नाही." नवऱ्यानंच मग घाबरून दादांना फोन केला होता.

आता सगळे आतल्या खोलीत जमले. ताई टेबलाशी बसल्या होत्या. गुंडाळलेल्या टॉवेलवर कपाळ टेकलेलं, नाकाला वारा लागावा म्हणून मध्ये फट ठेवलेली. आवाज जमिनीकडून यायचा.

"कोण आलंय?"

"मी," दादा म्हणाले.

ताई म्हणाल्या, "धाकट्या, त्याला सांग, बसायला खुर्ची आहे."

"दादा, ताई म्हणते बसायला—"

"ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे."

यांच्या अबोल्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. तावातलं पाचव्या ओळीतलं सहावं घर कितीतरी वर्षं रिकामं होतं. मग ताईंना एक तिकीट सापडलं, ज्यात दिव्याच्या उजवीकडे, दोन किरणांच्या मध्ये, पंख पसरल्यासारखा एक इवलासा ठिपका होता. ताईंनी त्याला 'पाखरू' म्हटलं आणि त्या घरात बसवलं. ताव पुरा झाला. संग्राहकांच्या मंडळात त्यांनी तो मांडला तेव्हा छापखान्यात हयात घालवलेले त्यांचे सख्खे भाऊ भर सभेत उठून म्हणाले, "ताई, पाखरू कसलं, माशीची घाण आहे ती." तेव्हापासून बोलणं बंद.

"आता करायचं काय?" धाकट्यानं विचारलं. "सगळी तिकिटं एकसारखी. कुठलं कुठं होतं, कसं कळणार?"

"तूच बायकोला आवरायचं होतंस," दादा म्हणाले.

"मी कामावर होतो! मला काय माहीत ही धुणं काढेल म्हणून?"

"म्हणजे सगळं तिच्यावर ढकलून मोकळा," थोरली एकदम कडाडली. धाकटीनं चमकून बघितलं. लग्न होऊन आल्यापासून थोरलीनं तिची बाजू कधी घेतली नव्हती. "या घरात तिकिटांवरून दोघं भावंडं नऊ वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि शहाणपण शिकवताय त्या पोरीला? ऐंशी तिकिटं धुतली तिनं, एकाच्या कडेचा दाता तरी तुटलाय का बघा आधी."

दादांनी आल्बम ओढला, खिशातून आपलं छापखान्यातलं भिंग काढलं आणि एकेक पान बघत गेले.

"नाही तुटला," ते शेवटी म्हणाले. "एकाचाही नाही. हात चांगला आहे हिचा."

"डोळे?" खालून ताईंचा आवाज आला.

"काय?"

"धाकट्या, त्याला विचार, तिचे डोळे कसे आहेत? कारण त्याला आता जवळचं दिसत नाही, मला माहीत आहे. तुला कधीच काही दिसलं नाही. थोरलीला चष्मा आहे. राहिली ती."

दादांनी भिंग धाकटीपुढे सरकवलं. "धाकटे, बस इथं. काय दिसतंय ते सांग."

धाकटीनं पहिलं तिकीट चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरलं. "दीपगृह दिसतंय."

"ते तर आंधळ्यालाही दिसेल," ताई म्हणाल्या.

"सगळी सारखीच आहेत हो ताई."

"सारखी नाहीत," दादा म्हणाले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "हे छापलं दगडावरून. मूळ चित्र एकच. ते कागदावर घेऊन दगडावर उतरवायचं, एकदा नाही, ऐंशीदा. कुणीतरी माणूसच ते करत होता. कधी कागदाला चुणी पडली, कधी हात घसरला, कधी शाई कमी उतरली. दर घरात अशी काही ना काही खोड राहिली. आणि एकदा दगडावर राहिली की त्या दगडावरून जितके ताव निघाले, त्या प्रत्येकात, त्याच घरात, तीच खोड. एका तिकिटावर दिसली तर तो योगायोग. दुसऱ्यावरही तिथंच दिसली, तर तो दगड. म्हणून दीपगृह बघू नकोस. खोड बघ."

धाकटीनं पुन्हा भिंगाला डोळा लावला. आधी चौकटीचा वरचा भाग, मग उजवी बाजू, मग खाली. खालच्या डाव्या कोपऱ्याशी ती थांबली.

"इथं चौकट तुटलीय. थोडीशीच."

"कशी तुटलीय?" ताईंनी विचारलं.

"कशी म्हणजे... पुढचा दात पडल्यासारखी."

टॉवेलमधून एक आवाज आला. तो हुंकार होता की काय, कळलं नाही. "मामा," ताई म्हणाल्या. "तिसरी ओळ, पहिलं घर. ठेव."

"मामा?"

"मामाचा दात नाही का पडला होता, सायकलवरून? तेव्हाच ओळखलं मी हे घर. पुढचं."

टेबलावर थोरलीनं मोठा पांढरा कागद पसरला आणि पट्टीनं चौकोन आखले. तिसऱ्या ओळीच्या पहिल्या चौकोनात मामा जाऊन बसला. मग धाकटीला किरणात एक वाकडी रेघ दिसली, ती आजोबांची काठी निघाली. दीपगृहाच्या भिंतीवर फुगवटा दिसला, ते आत्याचं नाक, पाचव्या ओळीतलं पाचवं. एका तिकिटावर आकाशात लांब बारीक दोरा लोंबत होता. "शिंपीण," ताई म्हणाल्या, "आपल्या शेजारची. दातानं दोरा तोडायची. आठवी ओळ, चौथं." दादांना हसू फुटलं. "ती? तोंडात सुई धरून भांडायची ती?" ताईंचं टॉवेलवरचं डोकं जरासं हललं.

धाकटी बघत राहिली. समोर तोंड खाली घालून बसलेली ही बाई. जमिनीशिवाय तिच्या डोळ्यांपुढे काही नाही, आणि त्या जमिनीवरही अंधारच. तरी ऐंशी घरांचं गाव तिच्या डोक्यात दिवे लावून बसलं होतं. नुसतं "उजवीकडची उभी रेघ" म्हटलं की त्या विचारायच्या, "वरच्या तिसऱ्या भागात की मध्यावर? मध्यावर असेल तर टोक आत वळलंय का बघ." आणि बघितलं तर वळलेलं असायचं. एकदाही त्या अडखळल्या नाहीत. एकदा दादा म्हणाले, "धाकट्या, ताईला सांग, हे दुसऱ्या ओळीतलं वाटतं मला." ताई म्हणाल्या, "त्याला सांग, दुसऱ्या ओळीत हा डाग गोल आहे. हा लांबट असणार." धाकटीनं बघितलं. लांबट होता. दादांनी मान डोलावली आणि त्या मान डोलावण्यात हरल्याचं दुःख नव्हतं. उलट चेहरा असा फुलला होता की थोरलीनं नवऱ्याकडे टक लावून पाहिलं.

दुपारी चहा झाला. ताई तो नळीनं प्यायल्या. पुन्हा काम सुरू झालं. आता तिला विचारायच्या आधीच टोक आत की बाहेर, डाग गोल की लांबट, ते ती सांगू लागली. एका तिकिटाला ती म्हणाली, "इथं अक्षरांची ओळच घसरलीय ताई. जशी कुणी घाईत लावली."

ताई म्हणाल्या, "सहावी ओळ, सहावं. त्याचं नाव धाकटी."

"माझं नाव?"

"लग्न होऊन आलीस त्या वर्षी सापडलं. तेव्हापासून घाई तशीच आहे तुझी."

थोरली खो खो हसली. धाकट्यानंही हसून घेतलं. धाकटीनं मान खाली घातली आणि भिंग पुसायच्या निमित्तानं पदरानं डोळे पुसले. तीन दिवसांत ताई पहिल्यांदाच तिच्याशी तिच्याबद्दल बोलल्या होत्या.

उन्हं कलली. कागदावरचे चौकोन भरत आले. शेवटी आल्बममध्ये एकच तिकीट उरलं आणि कागदावर एकच चौकोन. पाचवी ओळ, सहावं घर.

"उरलं ते पाखरू," ताई म्हणाल्या. आवाज थोडा सावध झाला होता. "ठेव ते."

धाकटीनं तिकीट भिंगाखाली धरलं. दिव्याच्या उजवीकडे, दोन किरणांच्या मध्ये बघितलं. तिकीट तिरपं करून बघितलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं. तिथं कोरा, स्वच्छ कागद होता.

कोमट पाणी. तिनंच धुतलं होतं. दगडावरची खोड असती तर शाईत छापली गेली असती, पाण्यानं गेली नसती. जे पाण्यानं गेलं ते छापलेलं नव्हतंच.

तिनं भिंग दादांकडे दिलं. दादांनी तिकीट लांब धरलं, जवळ धरलं, खूप वेळ बघितलं. नऊ वर्षं ज्याच्यासाठी ते या घराबाहेर राहिले, ते त्यांच्या चिमट्यात होतं. धाकटीला वाटलं, आता हे उठून उभे राहतील.

दादांनी तिकीट हळूच खाली ठेवलं. "आहे," ते म्हणाले. "पाखरू आहे."

थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग तिकिटाकडे, आणि तिलाही उमगलं. तिनं धाकटीला डोळ्यानंच दटावलं, गप्प बस. धाकट्यानं टेबलाखालून बायकोचा पाय दाबला. सगळं घर एका बाजूला झालं होतं. आजवर कधी झालं नव्हतं असं.

"धाकटे," ताई म्हणाल्या, "तुला दिसलं?"

हो म्हणायचं, एवढंच काम होतं. ताईंना कधी कळलंही नसतं. तिचा अपराध तर विसरलाच गेला होता, तिच्या नावाचं घर निघालं होतं, आणि आता पुन्हा तेच पाणी, तोच टीपकागद स्वतःच्या तोंडानं उकरून काढायचा? पण सकाळपासून ताईंनी आपली एकूणएक घरं तिच्या शब्दावर बसवली होती. मामाचा दात तिनं पाहिला म्हणून होता. शिंपिणीचा दोरा ती आहे म्हणाली म्हणून होता. या एका घरी ती खोटं बोलली, तर बाकीच्यांचं काय राहिलं?

"नाही ताई," ती म्हणाली. "पाखरू नाही. मी धुतलं त्यात गेलं."

धाकट्यानं कपाळावर हात मारला. थोरली "अगं बाई" म्हणून तशीच बसून राहिली.

ताई हलल्या नाहीत. मग जमिनीकडून आवाज आला, "दादा."

नऊ वर्षांत पहिल्यांदा. दादा खुर्चीत सरळ झाले. "हं."

"भिंगातून बघून म्हणालास?"

"बघून."

"आणि आहे म्हणालास? तिकिटाबद्दल? अरे, भर सभेत तोंडावर नाही म्हणणारा तू, तुझा मला राग होता, पण एक ठाऊक होतं, हा बघेल ते सांगेल. आज जिंकायची वेळ आली तर पळून जातोस? लाज नाही वाटली?"

"तुझी ही अशी अवस्था—"

"माझा डोळा गेलाय, अक्कल नाही गेली!"

"मी खरं बोललो तरी तू ओरडतेस, खोटं बोललो तरी ओरडतेस," दादांचा आवाज चढला. "माणसानं करावं तरी काय?"

"बघावं! दुसरं काय करायचं असतं तिकिटाचं? धाकटे, पाखरू राहू दे. समुद्र बघ."

धाकटीनं तिकीट पुन्हा भिंगाखाली घेतलं. "समुद्राची खालून दुसरी रेघ जरा जाड आहे. दोनदा ओढल्यासारखी. डाव्या टोकाला फाटा फुटलाय."

"सातवी ओळ, दुसरं घर. तिथलं काढून शेजारी ठेव."

दोन्ही तिकिटं शेजारी ठेवली. तीच जाड रेघ, तोच फाटा, त्याच जागी. दादांनीही वाकून बघितलं.

"दगड," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे जुळं निघालं," ताई म्हणाल्या. "एकाच घरातली दोन. पाखरू दिसलं आणि समुद्राकडे बघायचं राहूनच गेलं माझ्याकडून. नऊ वर्षं पुरा ताव म्हणून मिरवला आणि घर रिकामंच होतं." त्यांनी टॉवेलवर कपाळ जरा सरकवलं. आवाजात दुःख शोधावं तर सापडत नव्हतं, उलट कामाला लागल्यासारखा तो घाईत होता. "ते घर तसंच कोरं ठेव. काही लावायचं नाही तिथं. सहाव्या घराची खोड काय ते आपल्याला अजून ठाऊकच नाही."

"जोडी मिळाली तर कळेल," दादा म्हणाले. "शेजारच्या घराला चिकटून आलेली. आडवी जोडी शोधायला हवी, पाचवं नि सहावं."

"आडवी कशाला? उभी मिळेल. खालच्या ओळीतलं सहावं आणि हे."

"टपालवाले ताव आडवा फाडायचे, ताई. मी सांगतो ना."

"तू काय टपालात होतास? मी उभ्या जोड्या जास्त पाहिल्यात. आणि खालचं घर ओळखायला सोपं, अक्षरं घसरलेली."

"आणि आत्याचं नाक काय अवघड आहे?"

थोरली पिशवी उचलून उभी राहिली होती. "अहो, अंधार पडायच्या आत निघायचं होतं ना आपल्याला?"

"थांब गं जरा," दादा म्हणाले आणि खुर्ची ताईंच्या आणखी जवळ ओढून, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून स्वतःही वाकून, जमिनीकडे तोंड करून बोलू लागले. "हे बघ ताई, पाकिटावर दोन तिकिटं लावायची तर माणूस कशी लावेल?"

"एकाखाली एक."

"शेजारी शेजारी!"

"एकाखाली एक! धाकटे, ऐकतेयस ना नीट? शोधायचं तुला आहे."

धाकटीनं कोऱ्या चौकोनावरून बोट फिरवलं आणि आपलीही खुर्ची पुढे घेतली.

"ऐकतेय," ती म्हणाली. "पण एकेकानं बोला."